दोन रकान्यांची हजेरी

आमचे सर स्वतःच्या शरीराला 'हा' म्हणायचे. सर्दी झाली तर "मला सर्दी झालीय" असं ते कधी म्हणाले नाहीत. "ह्याला सर्दी झालीय," असं म्हणायचे, आणि तेही लांबच्या नात्यातला कुणी बिनकामाचा माणूस घरी येऊन राहिल्यासारखं, जरा वैतागून. लग्नाचं आवतण आलं की "ह्याला पाठवून देतो" म्हणत. आणि खरंच पाठवून देत. पंगतीत सर मांडी घालून बसलेले दिसायचे, बुंदी वाढणाऱ्याला हात आडवा करून उदगिरी थाटात कानडीतून 'साकु', म्हणजे पुरे, म्हणायचे. पण दुसऱ्या दिवशी लग्न कुणाचं होतं विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही.

सर तत्त्वज्ञान शिकवायचे. गावातल्या एका कॉलेजात. मन वेगळं की देहच सगळं, हा प्रश्न बाकीचे मास्तर परीक्षेपुरता शिकवतात आणि घंटा झाली की सायकलला किल्ली लावतात. आमच्या सरांनी तो घरी आणला, जेवायला घातलं आणि ठेवूनच घेतलं. मन वेगळं आणि देह वेगळा, दोघं एका घरात राहतात पण चूल वेगळी आहे, असं त्यांचं पक्कं मत. आधी नांदेडला होते, तिथंही हेच चालायचं. उदगीरच्या त्यांच्या भावांचं कापडाचं दुकान होतं. भावांच्या मते हे सगळं गल्ल्यावर बसायचं टाळण्यासाठी काढलेलं सोंग होतं. बायको होती. आता ती माहेरी होती. तिच्याविषयी समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडरचाचा सांगायचे, "भाभी बोल्या, एका माणसाबरोबर लगीन केलं, दोघांचा सैपाक कोण करणार?"

मी बिलोलीकडचा. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या एका नव्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र वापरलेला होता, मागच्या पाऊस न पडलेल्या वर्षातून जसाच्या तसा पुढं आलेला. साहेब आले होते, शिपाई आले होते, पाट्या रंगवून झाल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या. आणि गावात खोली मिळत नव्हती, कारण माझ्यासारखे दोनतीनशे कारकून एकदम उतरले होते. कुणीतरी सांगितलं, तत्त्वज्ञानाच्या सरांकडं एक खोली रिकामी आहे, पण माणूस जरा हा आहे.

सरांनी मला दारातच न्याहाळलं. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, कोपरावर ठिगळ लावलेला सदरा.

"खोली लहान हाय," ते म्हणाले. "देह मावंल. मनाचं काय करणार?"

मी म्हणालो, "मन बिलोलीलाच ठेवलंय, सर. घरची लई आठवण येते."

मी आपलं सहज बोलून गेलो होतो. पण सरांचा चेहरा असा खुलला, जणू जन्मभर वाट पाहिलेला शिष्य दारात उभा राहिला असावा. खोली मिळाली. वर चहा मिळाला. चहा ओतताना ते म्हणाले, "ह्याला दोन चमचे साखर लागती. मला चालत न्हाई, पण ह्याच्या नादी कोण लागतंय."

सरांची खरी करामत वर्गातली हजेरी होती. त्यांच्या हजेरीपुस्तकात प्रत्येक तारखेखाली दोन रकाने असायचे, एक देहाचा, एक मनाचा. नाव पुकारलं की विद्यार्थ्यानं दोन्ही सांगायचं. "देह हजर, मन हजर" म्हणणारा पोरगा बहुतेक खोटं बोलत असायचा, आणि ते सरांना कळायचं. ते लगेच मागच्या वाक्याचा अर्थ विचारायचे आणि मनाच्या रकान्यात 'गै' मारायचे. पण खरं बोलणाऱ्यावर ते रागावत नसत. "देह हजर, मन शेताकडं," असं कुणी म्हटलं की शांतपणे लिहून घेत. दुष्काळाच्या त्या वर्षी निम्म्या पोरांची मनं टँकरपाशी असायची. एका पोरानं "देह हजर, मन थेटरात" सांगितलं, तर सर म्हणाले, "सिनेमा सुटला की पाठवून द्या." चाळीस पोरांच्या वर्गात जेवणानंतरच्या तासाला चारसहा मनं भरली तरी ते खूश असत. प्राचार्यांनी दोनदा समज दिली होती. सरांनी समजही दोन रकान्यांत घेतली असावी, कारण पुस्तक काही बदललं नाही.

संध्याकाळी सर दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसायचे आणि तिथं चाचा त्यांना रोज तासायचे. चाचांचं सगळं आयुष्य सुई, मलम आणि पट्टीत गेलेलं. उघडी पडलेली माणसं त्यांनी खूप पाहिली होती आणि आत हाडामांसाशिवाय काही सापडलं नव्हतं. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा.

"सर, तुमचा तो दुसरा कुठं हाय? बोट लावून दाखवा."

"बोट देहाचं हाय, चाचा. ते देहालाच लागणार."

"मंग कायकू बाता मारते? जी चीज बोट लावून दाखवता येत न्हाई, तिच्यावर मैं पट्टी कैसा बांधू?"

असं अंधार पडेपर्यंत चालायचं. मी मधे बसून दोघांकडून चहा उकळायचो. एकानं चहा देहासाठी घेतला म्हटलं की दुसरा म्हणायचा, पोटात गेला ना, बस झालं. मला कुणाचं पटायचं हे विचाराल, तर जो चहा सांगायचा त्याचं.

दाताची गोष्ट ह्याच बाकावरून सुरू झाली. सरांची दाढ किडली होती, गाल सुजला होता. "ह्याची दाढ गेलीय," ते म्हणाले. चाचांनी डाव टाकला, "बिगर सुईची काढून दाखवा. दुखणार तर ह्याला, तुम्हाला काय!" सर तडक आत गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, सुई नको. डॉक्टर जुन्या वळणाचे होते, त्यांना पेशंटच्या तत्त्वज्ञानाशी देणंघेणं नव्हतं. चिमटा लागला. सरांचे डोळे भरून वाहत होते, पण आवाज एकदम साधा होता. "ह्याला दुखतंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "ह्याला लई दुखतंय." आणि मग खुर्चीतून घसरून फरशीवर आडवे झाले.

त्या दिवसांत तोंडावर मारायला पाणी कोण वाया घालवणार? चाचांनी कपातला उरलेला चहा शिंपडला. सर शुद्धीवर आले, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मी कुठं होतो?"

चाचांना हेच हवं होतं. "वही तो!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "अंग तर फरशीवर पडलेलं मी बघून राहिलो. तुम्ही कुठं गेलते?"

सर चार दिवस बाकावर आले नाहीत. मला वाटलं, दाढेबरोबर सिद्धांतही उपटला गेला. पाचव्या दिवशी आले, सुजलेल्या गालानं बसले आणि म्हणाले, "भायेर गेलतो."

"कुठं भायेर?"

"ते आठवत न्हाई."

"मंग गेलते कशावरून?"

सर गालावर हात ठेवून म्हणाले, "परत आलो न्हवं?" ह्यावर चाचा हसले खरे, पण त्या संध्याकाळचा चहा त्यांनीच सांगितला.

आता टँकरच्या रांगेचं सांगायला हवं. टँकर कधी येईल ह्याचा नेम नसायचा. म्हणून लोक पहाटेच आपापली घागर रांगेत ठेवून कामाला जायचे. घागर नसेल तर डबा, डबा नसेल तर खूण केलेला दगड. जिथं घागर तिथं माणूस, हे सगळ्या गल्लीनं मानलेलं. एरवी एकमेकांच्या बांधावरून डोकी फोडणारी माणसं, पण दुसऱ्याची घागर कुणी बोटभर सरकवत नसे. सरांना हे फार आवडलं. ते रोज कॉलेजला जाताना रांगेपाशी थांबून बघायचे आणि म्हणायचे, "बघा, देह दुकानात, मन घरी, आन् माणूस रांगेत हजर. आन् म्हणे मला खूळ लागलंय."

दर गुरुवारी दुपारनंतर आमच्या अंगणात एक मुलगी यायची. वर्गातलीच होती. संध्याकाळच्या एसटीपर्यंत ती पायरीवर बसायची. सर समोर खुर्ची टाकून तिला प्रश्न विचारायचे आणि ती खाली बघत उत्तरं द्यायची. तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. मी कचेरीतून लवकर सुटलो तर दारातून आत जाताना तिला दिसायचो, ती पाय ओढून घेऊन वाट द्यायची. मी तिचं नाव कधी विचारलं नाही. तसं बघितलं तर ह्या सगळ्या गोष्टीत माझी चूक एवढीच, पण ती चांगली मोठी आहे.

कचेरीत टेबलं कमी होती, म्हणून दोन कामं एकाच टेबलावर चालायची. रोजगार हमीच्या कामावरची मस्टरं, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, माझ्याकडं यायची, आणि दुष्काळी गावांतल्या पोरांच्या परीक्षा फीमाफीच्या याद्याही, हजेरीच्या तारखांसकट, माझ्याकडंच यायच्या. एका हाताखाली खडी, एका हाताखाली कॉलेज. एके दिवशी दोन्ही ढिगांत मला एकच नाव दिसलं. कौसल्या. बापाचं नाव तेच, गाव तेच. मस्टरवर आईच्या जोडीनं पाझर तलावाच्या कामावर हजर. कॉलेजच्या यादीत, त्याच तारखांना, वर्गात हजर.

मी नवा कारकून होतो. नव्या कारकुनाला चूक सापडली की त्याला काय आनंद होतो, हे ज्यानं सरकारी नोकरी केली त्यालाच कळेल. मी लाल पेन्सिलीनं दोन्हीकडं खुणा केल्या आणि टिपण लिहिलं, की सदर व्यक्ती एकाच दिवशी दोन ठिकाणी हजर दिसते, तरी योग्य ती चौकशी व्हावी. टिपण वर गेलं. मी संध्याकाळी बाकावर बसून हे रंगवून सांगितलंसुद्धा.

सरांचा चहाचा कप तोंडापाशी थांबला. "नाव काय म्हणलात?"

मी सांगितलं.

"ती अंगणात येती ती," सर म्हणाले.

मग हळूहळू सगळं कळलं. कौसल्याचा बाप दोन वर्षांपूर्वी वारला होता. कामावर जोडी लागायची, एकीनं माती भरायची आणि एकीनं टोपलं वाहायचं. कौसल्या गेली नाही तर तिच्या आईलाही काम नाही. त्या भागातला बाजार गुरुवारी, म्हणून गुरुवारी काम बंद. त्या दिवशी ती लातूरला येऊन वर्गात बसायची आणि नंतर अंगणात. बाकीच्या पाच दिवसांचा अभ्यास ती तलावावर भाकरीच्या सुट्टीत करायची. सर तिला पाच दिवसांचे पाच प्रश्न विचारत. उत्तर बरोबर आलं की त्या दिवशीच्या देहाच्या रकान्यात 'गै' आणि मनाच्या रकान्यात 'ह'. सरांचं पुस्तक चोख होतं. पण त्यावरून यादी करताना कॉलेजच्या कारकुनानं, पोरांचं भलं व्हावं म्हणून, ज्या रकान्यात 'ह' दिसला तो उचलला होता.

मी सरांना म्हणालो, "टिपण मी लिहिलं, सर. माझ्या ध्यानातच आलं नाही." मला त्या वेळी जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं, आणि आज हे लिहितानाही होतंय.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "ध्यान न देता लिहिलंत?"

"हो."

"मंग देह हजर, मन गैरहजर. होतं आसं कचेरीत." आणि ते उठून घरात गेले.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. नायब तहसीलदारसाहेब आले होते, धाराशिवकडून बदलून आलेले, घामानं डबडबलेले, माणूस वाईट नव्हता. कागद घेऊन मी त्यांच्या मागं उभा. सर समोर. बाहेर व्हरांड्यात कौसल्या आणि तिची आई भिंतीला टेकून बसलेल्या.

पेच साधा होता. कॉलेज खरं म्हटलं तर मस्टर खोटं, म्हणजे मायलेकींचं काम गेलं आणि वर गुन्हा. मस्टर खरं म्हटलं तर हजेरी कमी पडून मुलीचं वर्ष गेलं, आणि ते वर्ष गेलं असतं तर तिच्या मामानं तिचं लग्न लावून टाकलं असतं, मुलगाही बघून ठेवला होता. दोन्ही खरं म्हणणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस होता.

साहेबांनी हजेरीपुस्तक उलटं-सुलटं करून पाहिलं. मनाच्या रकान्यात सगळीकडं 'ह', मधेच एका मंगळवारी 'गै'.

"हे काय?"

"त्या मंगळवारी तिची माय टोपल्यासकट पडली," सर म्हणाले. "पोरीचं ध्यान नव्हतं. उत्तर आलं न्हाई. मी गैरहजरी मांडली."

साहेबांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "सर, मनाची हजेरी कोणत्या नियमात बसते?"

सरांनी खिडकीकडं बोट केलं. कॉलेजच्या कुंपणालगत टँकरची रांग लागलेली होती. "त्या रांगेत तुमची घागर कितवी हाय, साहेब?"

"नववी," साहेब पटकन म्हणाले. "पितळेची."

"मंग तुम्ही तिथं हजर का इथं?"

दारातला शिपाई फिसकन हसला. साहेब जरा तापले. "घागरीची गोष्ट वेगळी."

"व्हय, वेगळीच," सर म्हणाले. "घागरीला डोस्कं नसतं, तरी तुम्ही तिचा नंबर मानता. ह्या पोरीनं डोस्कं ठिवलं होतं वर्गात."

 मला वाटलं, जिंकले. पण सरकारी खोलीत असं जिंकता येत नाही. साहेबांनी चष्मा पुसला आणि हळू आवाजात सांगितलं, की हे मला पटतंय की नाही हा प्रश्नच नाही, वर पाठवायला कागद लागतो. मस्टर खरं मानू. हजेरीतली चूक सरांनी लिहून द्यावी. मुलीचा दोष नाही म्हणून दुष्काळाच्या सवलतीत हजेरीची तूट माफ करता येईल, फक्त परीक्षेपर्यंतचे सहा आठवडे तिनं एकही दिवस चुकवायचा नाही. प्राचार्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, सरांना मात्र ते सहा आठवडे बिनपगारी रजेवर जावं लागेल.

कागद पुढं आला. सरांनी लिहिलं, 'मुलीचा देह वर्गात गैरहजर होता.'

"हे चालणार नाही," साहेब म्हणाले. "सरकारी कागदात देह म्हटला की पंचनामा करावा लागतो. 'मुलगी गैरहजर होती' असं लिहा."

"मुलगी गैरहजर नव्हती."

"सर, एक शब्द तर आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बाहेर टँकर आला, भांड्यांचा गलका झाला, साहेबांचा जीव नवव्या नंबरात अडकला, तरी कुणी उठेना. तीस वर्षं त्या माणसानं एकच गोष्ट खरी मानली होती. बायको गेली, नांदेडची नोकरी गेली, एक दाढ गेली, पण ती सोडली नव्हती. आम्ही सगळे त्यावर हसत आलो होतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. व्हरांड्यात कौसल्या खोकली. सरांनी पेन उचललं, 'मुलगी गैरहजर होती, नोंद माझी चूक आहे' असं लिहिलं आणि सही केली. सही करताना त्यांनी कागदाकडं बघितलं नाही.

बाहेर येऊन ते कौसल्यासमोर उभे राहिले. "उद्यापासून रोज यायचं. दोन्ही रकान्यांत."

कौसल्या मान हलवायच्या आत तिची आई उठून उभी राहिली. "आन् मास्तर, कामावर कोण येईल? जोडी मोडली तर मुकादम मलाबी घेत न्हाई. शाळा करून खावं काय आमी?"

ह्याचा विचार कुणीच केला नव्हता. ना साहेबांनी, ना प्राचार्यांनी, ना मी. कौसल्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर. म्या जाते कामावर."

सरांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "माय, ह्याला घिऊन जा," ते म्हणाले. "सहा आठवडे रिकामाच हाय."

कौसल्या पास झाली, हे आत्ताच सांगून टाकतो. उगीच शेवटपर्यंत कुणाला टांगून ठेवण्यात मला रस नाही. पुढं ती मास्तरीण झाली, ते लग्न टळलं, आणि मामा तिच्याच सत्काराला फेटा बांधून आला.

पण त्या सहा आठवड्यांतल्या एका रविवारी मी आणि चाचा तलावावर गेलो होतो. चाचांनी पिशवीत स्पिरिट, कापूस आणि पट्ट्या घेतल्या होत्या. सगळा रस्ताभर ते बडबडत होते. "पन्नास साल का आदमी, कापडवाल्यांच्या घरातला. हात तर बायकांवानी. खुळं हाय, निरं खुळं. दाढ काढताना पडला, आता खड्ड्यात पडंल."

ऊन भयंकर होतं. मुकादम दुपारची हजेरी घेत होता. सरांचं नाव आलं तेव्हा ओळखीचा आवाज ऐकू आला, "देह हजर." मुकादमानं मान वर न करता खूण केली. त्याला एवढंच लागत होतं.

सर बनियन आणि धोतरात होते, कपाळावरच्या भस्मात माती मिसळलेली. कौसल्याची आई टोपलं भरत होती, सर वाहत होते. चालणं असं, की आता पडतील, पण पडत नव्हते. "मास्तर चुकत न्हाईत कामाला," ती माय आम्हाला म्हणाली. "फकस्त बोलून राहिल्यात आपले आपलेच." सर आमच्याजवळ आले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, उशिरा आलेल्या पोरांकडं पाहावं तसं.

"मागल्या बाकावर बसा," ते म्हणाले. "तिसरं प्रकरण चालू हाय."

आम्ही दगडांवर बसलो. चाचांनी त्यांचे हात हातात घेतले. फोड येऊन फुटलेले, तळहाताची साल निघालेली. सवयीनं चाचा म्हणाले, "सर, कुठं दुखतंय? बोट लावून दाखवा."  सर सावकाश, एकेक वाक्य तोडून, तिसरं प्रकरण समजावत होते. मधेच थांबले आणि समोरच्या मुरमाच्या ढिगाकडं बघून म्हणाले, "कौसल्या, ह्यावर शंका हाय का?" जरा वाट पाहिली आणि पुढं सरकले. चाचांनी उघड्या मांसावर स्पिरिट ओतलं. मी डोळे मिटून घेतले. प्रकरण चालूच होतं.

पट्टी बांधून झाली. मुकादमानं शिट्टी मारली. सर उठले, टोपलं डोक्यावर घेतलं आणि गेले.

 परतीच्या एसटीत चाचा खिडकीतून नुसते करपलेल्या रानाकडं बघत होते. लातूरच्या वेशीपाशी आल्यावर त्यांनी मोकळी पिशवी मांडीवर नीट घडी करून ठेवली.

"चाळीस साल हो गये पट्ट्या बांधते," ते म्हणाले. "कच्च्या कातड्यावर स्पिरिट टाकलं तर बेहोश आदमी बी हात खेचतो. सरांचा हात हलला न्हाई, साहेब."

"मग?"

"हात होता तिथं. मी धरलेला होता. सर नव्हते."

मी विचारलं, "कुठं होते?"

"कालिजात असतील, और कुठं." चाचांनी माझ्या खिशाकडं बोट केलं. "ती लाल पेन्सिल हाय ना तुमच्यापाशी? लिवून घ्या सरांची हजेरी."